‘ना नफा ना तोटा’ : धर्मादाय संस्थांच्या शिलकीचा इतिहास

सार्वजनिक संस्थांच्या वार्षिक अहवालांत ‘ही संस्था ना नफा ना तोटा या तत्त्वावर चालविली जाते’ हे वाक्य इतक्या सहजपणे येते की, त्याचा नेमका अर्थ काय, हे विचारण्याची आवश्यकता कोणास भासत नाही. शब्दशः पाहिले तर वर्षाअखेर जमा आणि खर्च यांची तंतोतंत तोंडमिळवणी व्हावी, हाती काही उरू नये आणि अंगावर काही येऊ नये, असा त्याचा अर्थ होतो. अशी संस्था व्यवहारात क्वचितच आढळेल. ज्या शाळेच्या हाती वर्षाअखेर काहीच उरत नाही, तिच्या छपराची दुरुस्ती पुढील पावसाळ्यात कोणी करावयाची? असे असूनही हा शब्दप्रयोग मराठीत दृढमूल झाला आहे. त्याचा परिणाम असा की, शिल्लक उरणे हेच जणू धर्मादाय संस्थेच्या दृष्टीने दूषण आहे, अशी समजूत अनेक विश्वस्तांची, आणि काही वेळा त्यांच्या हिशेबनिसांचीही, होऊन बसली आहे. कायद्याने शिलकीस केव्हाही सरसकट मज्जाव केलेला नाही. ती कोठून आली, कोणाच्या हाती गेली आणि किती काळ पडून राहिली, हे तीन प्रश्न कायद्याने आलटून पालटून विचारले. कोणत्या काळी कोणत्या प्रश्नास प्राधान्य मिळाले, हाच या विषयाचा खरा इतिहास होय.

हा इतिहास केवळ मुंबई-दिल्लीच्या न्यायालयांत घडला असे नाही. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील कोंढा हे गाव घेतले, तर तेथील किंवा तत्सम गावातील देवस्थान, शिक्षणसंस्था अथवा ग्रंथालय यांच्या हिशेबवहीवर एकामागून एक आलेल्या निरनिराळ्या राजवटींच्या कायद्यांचे थर चढलेले आहेत. त्या थरांचा विचार पुढे यथाक्रम येईल. तत्पूर्वी याच भूभागातील दानपरंपरेकडे वळणे इष्ट आहे, कारण शिलकीचा प्रश्न प्राप्तिकरापेक्षा फार जुना आहे.

कोंढा ज्या तालुक्यात आहे त्या तालुक्याचे ठाणे पवनी. वैनगंगेच्या काठावरील या प्राचीन नगरात १९६९-७० मध्ये झालेल्या उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. त्या स्तूपाच्या कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीतील लहान लहान लेख आहेत व त्यांतील बरेच दानलेख आहेत. दान देणाऱ्याचे नाव आणि ‘दान’ हा शब्द, इतकाच अशा लेखांचा विस्तार. येथे दानाची वस्तू म्हणजे प्रत्यक्ष दगडच आहे. तो एकदा बसविला की दानाचा व्यवहार संपला. त्यातून उत्पन्न होत नाही, म्हणून शिल्लक उरण्याचाही संभव नाही.

दुसऱ्या प्रकारच्या दानाचा पुरावा याच महाराष्ट्रभूमीच्या दुसऱ्या टोकास, नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात सापडतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तेथील भिक्षुसंघास दिलेल्या देणगीचा हा प्राकृत लेख इसवी सनाच्या पहिल्या वा दुसऱ्या शतकातील आहे. उषवदाताने तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. पैकी दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि एक हजार दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावेत, हा पहिल्या ठेवीचा उद्देश. हिशेब करून पाहावा: दोन हजारांवर दरमहा शेकडा एक म्हणजे वर्षाचे दोनशे चाळीस, आणि वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा म्हणजेही दोनशे चाळीसच. ‘ना नफा ना तोटा’ या शब्दांचे इतके काटेकोर उदाहरण नंतरच्या काळात सहसा आढळणार नाही. मात्र एकविसावा भिक्षू आला किंवा श्रेणीचा धंदा मंदावला, तर काय करावयाचे, याची तरतूद या पहिल्या ठेवीच्या आकड्यांत दिसत नाही.

या ठेवीस लेखात जो शब्द योजला आहे तो भाषेच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावा असा आहे. ‘अखयनिवि’, म्हणजे संस्कृत ‘अक्षयनीवी’. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात समाहर्त्याच्या प्रकरणात आय आणि व्यय यांबरोबर ‘नीवी’ हा तिसरा पारिभाषिक शब्द येतो. तेथे त्याचा अर्थ आयातून व्यय वजा जाता जे उरते ते, म्हणजेच शिल्लक. कोरीव लेखांत मात्र तोच शब्द कायम ठेवीच्या, मुद्दलाच्या अर्थाने स्थिरावला आहे. राजाच्या कोशागारात जी नीवी वर्षाअखेरची बाकी होती, ती धर्मादायाच्या क्षेत्रात ‘अक्षय’ हे विशेषण लावून न खर्चावयाची रक्कम झाली. हा अर्थबदल केवळ शाब्दिक नाही. उरलेले धन राखून ठेवल्यावाचून कोणतेही धर्मकार्य देणाऱ्याच्या पश्चात टिकत नाही, ही जाणीव त्यात साठविलेली आहे. आजच्या संस्था ज्यास ‘कायम निधी’ म्हणतात तो या अक्षयनीवीचाच वारस होय.

मधल्या दीर्घ काळातील वर्षासने, इनामे आणि देवस्थानच्या सनदा यांचा येथे विस्तार करण्याचे कारण नाही. त्यांत एक प्रकरण मात्र वगळता येत नाही. पेशव्यांच्या श्रावणमासातील दक्षिणेचा निधी १८१८ नंतर कंपनी सरकारच्या हाती आला. एल्फिन्स्टनने ती प्रथा एकदम मोडली नाही. त्या द्रव्याच्या काही भागातून १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा उघडण्यात आली. पुढे नवी नावे दाखल करणे बंद झाले, जुने दक्षिणाधारक कालवश होत गेले आणि निधीत शिल्लक पडू लागली. ही शिल्लक कोणाची? जुन्या पंडितवर्गाच्या मते ती त्यांच्या विद्येची. १८४९ मध्ये अर्ज करणाऱ्या लोकहितवादीप्रभृती नव्या मंडळींच्या मते ती मराठीतील उपयुक्त ग्रंथांची. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली आणि मराठी गद्याच्या इतिहासास या वादाचे फळ मिळाले. धर्मादायाची न खर्चलेली रक्कम मूळ हेतूबाहेर वळविता येते काय, हा प्रश्न महाराष्ट्रात अशा रीतीने प्रथम सार्वजनिक चर्चेचा विषय झाला. तोच प्रश्न शंभर वर्षांनी सर्वोच्च न्यायालयापुढे आला.

शिलकीचा दुसरा धोका आतून येतो. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांत जे मतभेद विकोपास गेले, त्यांत सामाजिक सुधारणेचा प्रश्न सर्वश्रुत आहे. परंतु टिळकांनी १८९० मध्ये राजीनामा दिला तेव्हा वादाच्या मुळाशी द्रव्याचाही प्रश्न होता. आजीव सभासदाने आपला सर्व वेळ संस्थेस द्यावा आणि बाहेर काही मिळविलेच तर ते संस्थेच्या निधीत जमा करावे, असा त्यांचा आग्रह होता. संसाराच्या वाढत्या गरजा पाहता हे बंधन फार कडक आहे, असे इतरांना वाटे. दोन्ही बाजूंस आपापली युक्तता होती. कायद्याच्या परिभाषेत ज्यास पुढे ‘विश्वस्तांचा खाजगी लाभ’ म्हटले गेले, त्याची सीमारेषा कोठे आखावी, याची ही चर्चा कोणत्याही कायद्याची सक्ती नसताना झाली, हे विशेष.

आता प्राप्तिकराकडे वळावयाचे. हिंदुस्थानात हा कर प्रथम १८६० मध्ये आला. १८८६ च्या कायद्याने त्यास स्थिर रूप दिले आणि त्याच कायद्याने केवळ धार्मिक किंवा सार्वजनिक धर्मादाय कार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मालमत्तेचे उत्पन्न करमुक्त ठरविले. ‘धर्मादाय हेतू’ म्हणजे काय, याचे विवरण १८९० च्या धर्मादाय निधी कायद्यात आले: गरिबांचे साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि सर्वसाधारण लोकोपयोगाच्या अन्य कोणत्याही उद्दिष्टाची अभिवृद्धी. यातील चौथे कलम सर्वांत व्यापक आणि म्हणूनच सर्वांत वादग्रस्त. इंग्लंडातील न्यायाधीश एलिझाबेथ राणीच्या १६०१ च्या कायद्याच्या प्रस्तावनेतून धर्मादायाचा अर्थ शोधीत असत. हिंदी कायद्याने मात्र स्वतःची स्वतंत्र आणि रुंद व्याख्या केली. १९२२ च्या प्राप्तिकर कायद्याने हीच व्याख्या स्वीकारली.

प्रश्न असा उभा राहिला की, लोकोपयोगी संस्था धंदा करीत असेल तर? लाहोरचे ‘ट्रिब्यून’ हे वृत्तपत्र सरदार दयालसिंग मजीठिया यांच्या मृत्युपत्राप्रमाणे विश्वस्तांकडे आले होते. वृत्तपत्र विकले जाई, जाहिराती छापल्या जात आणि शिल्लक त्याच वृत्तपत्राच्या सुधारणेस लावली जाई. १९३९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हे लोकोपयोगी उद्दिष्ट मानून करमाफी दिली.

परंतु या विषयातील सर्वांत बोधप्रद खटला अखिल भारत चरखा संघाचा. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटणा येथे स्थापन झालेला हा संघ कापूस विकत घेई, तो कातण्यास देई, सूत विणकरांकडे पाठवी आणि तयार खादी भांडारांतून विकी. बाह्यतः पाहिले तर हा कापडाचा व्यापारच. खरेदीची किंमत, मजुरी, वाहतूक, विक्रीची किंमत आणि मागे उरणारी शिल्लक हे सर्व त्यात होते. या कामाचा वऱ्हाड-मध्यप्रांताशी निकट संबंध होता. चांदा जिल्ह्यातील सावली हे खादी-उत्पादनाचे नावाजलेले केंद्र होते आणि १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचे अधिवेशनही तेथे भरले. पवनी परिसरातील विणकरी जुनी असली तरी तिचा नावलौकिक तलम कापडाचा. हातसुताच्या जाड्याभरड्या खादीचे अर्थशास्त्र निराळे. तेथे किंमत ग्राहकाच्या आवडीवर ठरत नसे, कातणारीच्या पोटावर ठरत असे.

१९३५ मध्ये गांधीजींच्या आग्रहावरून संघाने कातणाऱ्यांच्या मजुरीचे दर वाढविण्याचे ठरविले. खादी महाग होईल आणि खप घटेल, ही भीती कार्यकर्त्यांनी बोलून दाखविली होती. व्यापारी दृष्टीने हा निर्णय चुकीचा ठरता. पण शिलकीच्या दृष्टीने त्याचा अर्थ स्पष्ट आहे: जी रक्कम वर्षाअखेर ‘नफा’ म्हणून दिसली असती, तिचा एक भाग वर्ष चालू असतानाच मजुरी म्हणून वाटला गेला. ज्यांच्यासाठी संस्था काढली त्यांच्याच हाती तो गेला. एखाद्या संस्थेची शिल्लक किती आहे हे पाहण्यापूर्वी तिने आपल्या लाभार्थ्यांस किती दिले हे पाहिले पाहिजे, हा धडा नंतरच्या कज्जांत पुष्कळदा विसरला गेला.

प्राप्तिकर खात्याने संघाच्या उत्पन्नावर कर आकारला. मुंबई उच्च न्यायालयात निकाल संघाच्या विरुद्ध गेला. १९४४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. लॉर्ड राइट यांनी लिहिलेल्या निकालातील दोन मुद्दे ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. एक असा की, हिंदी कायद्याची व्याख्या स्वयंपूर्ण आहे, तिचा अर्थ तिच्याच शब्दांवरून लावावयाचा आणि इंग्रजी खटल्यांचा आधार जपून घ्यावयाचा. दुसरा असा की, खादीची खरेदी-विक्री हे ग्रामीण दारिद्र्याच्या निवारणाचे साधन होते, आणि व्यवहारातून काही उरले एवढ्यावरून उद्दिष्टाचे स्वरूप पालटत नाही. उरलेले सभासदांच्या खिशात जात नव्हते, हा त्यातील निर्णायक भाग. शिलकीचा उगम व्यापारात आहे की नाही, हा प्रश्न येथे मागे पडला आणि तिचा विनियोग पुढे आला.

पुढील तीन दशकांत विचाराची दिशा पुन्हा बदलली. तो भाग समजण्यासाठी कोंढ्यासारख्या गावात त्या काळी काय घडत होते, हे पाहिले पाहिजे.

भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत प्रथम मध्यप्रांतात आणि नंतर मध्य प्रदेशात होता. गावचा मालगुजार जसा तलाव राखी, तसाच अनेक ठिकाणी देवळाचा आणि उत्सवाचा भारही उचली. देवस्थानकडे जी जमीन असे तिचे उत्पन्न शेतीचे असल्यामुळे ते प्राप्तिकराच्या कक्षेतच येत नव्हते. त्यामुळे गावच्या देवळाचा आणि प्राप्तिकर खात्याचा संबंध येण्याचे कारणच नव्हते. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. तलाव ‘माजी मालगुजारी’ झाले, आणि मालगुजाराच्या आश्रयावर चालणाऱ्या धर्मकार्यास वर्गणी, देणगी व ठेवींवरील व्याज या नव्या उत्पन्नांकडे वळावे लागले. ही उत्पन्ने शेतीची नव्हेत. गावातील धर्मादाय संस्था कराच्या दृष्टिपथात आली ती अशा आडवाटेने. या संक्रमणाचा स्थानिक इतिहास अद्याप कोणी सविस्तर लिहावयास हवा.

त्याच वर्षी मध्य प्रदेशाचा सार्वजनिक न्यास कायदा झाला. त्याखाली नोंदणीचे काम जिल्ह्याच्या कलेक्टराकडे होते, म्हणजे जमीनमहसुलाचा अधिकारी तोच न्यासांचाही निबंधक. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. मुंबईत १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम अगोदरच अस्तित्वात होता आणि त्याची रचना निराळी होती. धर्मादाय आयुक्त हे स्वतंत्र अधिकारपद, हिशेबांची सक्तीची तपासणी, पैसा कोठे गुंतवावा याविषयीचे नियम, असा त्याचा व्याप. एकीकरणाचा कायदा होऊन हा अधिनियम विदर्भास लागू झाला तो फेब्रुवारी १९६१ मध्ये. त्यानंतर चौदा महिन्यांनी, १ एप्रिल १९६२ पासून, १९६१ चा प्राप्तिकर कायदा अमलात आला. दहा-अकरा वर्षांच्या अवधीत त्याच देवळाच्या, त्याच शाळेच्या चोपड्या आधी कलेक्टराच्या, मग धर्मादाय आयुक्ताच्या आणि उत्पन्न पुरेसे असल्यास प्राप्तिकर अधिकाऱ्याच्याही दृष्टीखाली आल्या. प्रत्येकाची परिभाषा वेगळी. कलेक्टर ‘न्यास’ म्हणे, मुंबईचा कायदा ‘विश्वस्तव्यवस्था’ म्हणे, आणि गाव आपले ‘देवस्थान’ किंवा ‘कमिटी’ म्हणत राही.

मुंबईच्या अधिनियमाची घटनात्मक कसोटी १९५४ मध्येच लागली होती. रतिलाल पानाचंद गांधी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे शिलकीशी निगडित असे दोन प्रश्न आले. अधिनियमाच्या ५८ व्या कलमान्वये न्यासांच्या एकूण उत्पन्नावर दोन टक्के अंशदान बसविण्यात आले होते. हा कर असेल तर त्यासाठी राज्याच्या अधिकाराचा प्रश्न निर्माण होतो, शुल्क असेल तर नाही. न्यायालयाने ते शुल्क ठरविले, कारण त्या रकमेचा निधी स्वतंत्र होता आणि न्यासांच्या देखरेखीवरच तो खर्च व्हावयाचा होता. दुसरा प्रश्न दक्षिणा निधीची आठवण करून देणारा आहे. न्यासाचे उत्पन्न किंवा शिल्लक वापरली गेली नसेल, किंवा वापरली जाण्याचा संभव नसेल, तर न्यायालयाकडून ती दुसऱ्या कार्यास लावून घेण्याची तरतूद अधिनियमात होती. मूळ हेतू अशक्य झाला असल्यास हे योग्यच. परंतु मूळ धार्मिक हेतू साध्य होण्यासारखा असताना केवळ दुसरा उपयोग अधिक हितावह वाटतो म्हणून पैसा वळविणे, हे धर्मस्वातंत्र्याच्या हमीशी विसंगत आहे, असे ठरवून न्यायालयाने तरतुदीचा तेवढा भाग रद्द केला. १८४९ च्या अर्जदारांस हा निकाल रुचला नसता.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने धर्मादायाच्या जुन्या व्याख्येस एक शेपूट जोडले. चौथ्या, लोकोपयोगाच्या कलमापुढे ‘नफ्यासाठी केलेल्या कोणत्याही उद्योगाचा ज्यात अंतर्भाव नाही असे’ या आशयाचे शब्द आले. वाक्यरचनेच्या दृष्टीने हे शब्द मोठे संदिग्ध होते. ‘नफ्यासाठी’ यातील चतुर्थी हेतू दर्शविते की परिणाम? उद्योग करताना नफा झाला, हे पुरे. की नफा व्हावा म्हणूनच उद्योग केला, हे सिद्ध करावयाचे? कोट्यवधी रुपयांचे कज्जे या एका विभक्तीवर अवलंबून राहिले.

१९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कडक अर्थ पत्करला. हुबळीच्या लोकशिक्षण ट्रस्टचा हा खटला. ‘संयुक्त कर्नाटक’ हे वृत्तपत्र चालविणाऱ्या या न्यासास, छापखाना व वृत्तपत्र यांचा व्यवसाय नफा देणारा आहे आणि त्यावर विश्वस्तलेखाचे बंधन नाही, म्हणून करमाफी नाकारण्यात आली. लाहोरच्या ट्रिब्यूनला जे मिळाले ते हुबळीच्या वृत्तपत्रास मिळाले नाही. दोहोंमध्ये फरक पडला तो प्रामुख्याने नव्या शब्दांमुळे.

चारच वर्षांनी, नोव्हेंबर १९७९ मध्ये, पाच न्यायाधीशांच्या पीठाने सुरतच्या आर्ट सिल्क उत्पादक संघाच्या प्रकरणात हे मत सौम्य केले. चतुर्थी हेतूची आहे, असा तो निकाल. संस्थेचे प्रधान उद्दिष्ट लोकोपयोगाचे असेल आणि शिल्लक आनुषंगिक असेल, तर करमाफी जात नाही. न्यायमूर्ती भगवती यांनी त्यात केलेले विवेचन मराठी वाचकास आपल्या नित्याच्या शब्दप्रयोगावरचे भाष्यच वाटेल. जमा आणि खर्च नेमके जुळावेत आणि काहीच उरू नये, अशा रीतीने उद्योग चालविणे व्यवहारात कठीण आहेच, शिवाय ते सुव्यवस्थापनाचे लक्षणही नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. म्हणजे ‘ना नफा ना तोटा’ हे तत्त्व अक्षरशः पाळणारी संस्था कायद्याला अभिप्रेत नव्हतीच. याच सुमारास हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात आणखी एका देशी शब्दाचा निवाडा झाला. व्यापारी आपल्या गिऱ्हाइकांकडून मालाच्या किमतीसोबत ‘धर्मादा’ म्हणून जी लहानशी रक्कम घेत, ती रूढीने धर्मकार्यास बांधलेली असल्यामुळे व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे, असे न्यायालयाने मानले. बाजारपेठेतील रूढ शब्द न्यासाच्या दस्तऐवजाइतका बंधनकारक ठरला.

यापुढील घडामोडी थोडक्यात सांगता येतील. १९८३ च्या वित्त अधिनियमाने ते वादग्रस्त शब्द वगळले आणि धंद्याच्या उत्पन्नावर वेगळी बंधने घातली. ती १९९१ मध्ये शिथिल झाली. २००८ मध्ये मूळ शंका नव्या रूपात परतली. लोकोपयोगी संस्था शुल्क घेऊन व्यापारधंद्याच्या स्वरूपाचे काम करीत असेल तर ती धर्मादाय नव्हे, असे परंतुक आले. पुढे त्यास प्रथम रकमेची आणि नंतर एकूण जमेच्या वीस टक्क्यांची मर्यादा मिळाली. १९ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबाद नगरविकास प्राधिकरणाच्या प्रकरणात या परंतुकाचा अर्थ लावून खर्चाइतके किंवा त्याहून नाममात्र अधिक शुल्क ग्राह्य मानले, आणि त्याच दिवशी न्यू नोबल एज्युकेशनल सोसायटीच्या निकालात शिक्षणसंस्थेचे उद्दिष्ट केवळ शिक्षणच असले पाहिजे, अन्य काही नको, असा दंडक घातला. आनुषंगिक शिल्लक या निकालानेही निषिद्ध ठरविली नाही. तथापि १९७९ च्या मानाने दृष्टी पुन्हा शिलकीच्या उगमाकडे वळली आहे, हे नाकारता येणार नाही.

उगमाचा हा वाद मोठ्या संस्थांचा. लहान संस्थेस जाचतो तो कालावधीचा नियम. १९६१ च्या कायद्याने मुळात उत्पन्नाचा चौथा हिस्सा किंवा दहा हजार रुपये, यांपैकी जे अधिक असेल ते, निर्वेधपणे राखण्याची मुभा दिली होती. त्यापलीकडील रक्कम त्याच वर्षी खर्चावयाची किंवा विशिष्ट हेतूसाठी, अधिकाऱ्यास कळवून, जास्तीत जास्त दहा वर्षे साठवावयाची. २००१ मध्ये दहाची पाच वर्षे झाली आणि पुढील वर्षीच्या वित्त अधिनियमाने चौथ्या हिश्शाचे पंधरा टक्के झाले. यामुळे पंचाऐंशी टक्के खर्च हा संस्थाचालकांच्या तोंडचा आकडा झाला. बांधकाम किंवा इमारतखरेदी हाही खर्चच धरला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये तिरुप्पणी ट्रस्टच्या प्रकरणात मान्य केले होते. उलट, भावी दुरुस्तीसाठी बाजूस ठेवलेली रक्कम खर्च नव्हे. ती पंधरा टक्क्यांत तरी बसवावी लागते किंवा पाच वर्षांच्या संचयात तरी. नवा सभामंडप उभारणे जुना राखण्यापेक्षा हिशेबास सोपे जाते, ते यामुळे. कायदा करणाऱ्यांच्या मनात पैसा कुजत पडू नये हे होते, पण फळ निराळे आले. २०२१ च्या दुरुस्तीने कायम निधीची गुंतवणूक वेगळी राखणे आवश्यक केले. उषवदाताच्या विणकर श्रेणींच्या जागी आता अनुसूचित बँका आणि सरकारी रोखे आले, एवढेच.

देवस्थानांपुरता आणखी एक प्रश्न राहतो. २००६ मध्ये निनावी देणग्यांवर तीस टक्के कराची तरतूद झाली. केवळ धार्मिक संस्थांना, आणि धार्मिक व धर्मादाय अशा मिश्र संस्थांना काही अटींवर, ती लागू नाही. देवळाच्या पेटीत नाव लिहून कोण टाकतो? शिर्डीच्या साईबाबा संस्थानच्या बाबतीत खात्याचे म्हणणे असे की, संस्थान केवळ धर्मादाय आहे, म्हणून हुंडीतील दानावर कर द्यावा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संस्थान मिश्र स्वरूपाचे असल्याचे मान्य करून खात्याचे म्हणणे फेटाळले. रुग्णालय चालविणारे देवस्थान देवस्थानच राहते, ही बाब भाविकास स्वयंसिद्ध वाटावी. परंतु कायद्याच्या वर्गवारीत ती सिद्ध करावी लागली.

गावपातळीवरील संस्थेचे उत्पन्न कराच्या किमान मर्यादेखाली असेल, तर यांतील बहुतेक वाद तिच्या दारापर्यंत येत नाहीत. परंतु शाळा किंवा वसतिगृह चालविणारी संस्था ती मर्यादा सहज ओलांडते. पूर्वी एकदा मिळालेली नोंदणी कायम असे. २०२१ पासून ती दर पाच वर्षांनी नवी करावी लागू लागली आणि २०२५ मध्ये लहान संस्थांसाठी हा अवधी दहा वर्षांचा झाला. २०२५ सालीच संमत झालेल्या नव्या प्राप्तिकर कायद्याने, ज्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ठरविण्यात आली, या संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण रचले आणि ‘न्यास किंवा संस्था’ या जुन्या शब्दांच्या जागी ‘नोंदणीकृत ना-नफा संस्था’ या अर्थाची संज्ञा योजली. पंधरा टक्क्यांची सूट आणि संचयाची कल्पना त्यातही कायम आहे. म्हणजे जिच्या नावातच नफ्याचा निषेध आहे, तिने शिल्लक किती व कशी राखावी याचेच नियम त्या प्रकरणात बव्हंशी सांगितले आहेत.

मुंबईच्या, म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या, विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखालील नियमांत उत्पन्न व खर्चाच्या पत्रकाचा जो नमुना ठरवून दिलेला आहे, तो भंडारा जिल्ह्यातील संस्थाही १९६१ नंतर भरू लागल्या. त्या पत्रकाच्या अखेरीस दोन ओळी येतात. एक वाढाव्याची आणि दुसरी तुटीची. वाढावा निघाल्यास तो ताळेबंदात पुढे न्यावयाचा असतो. नफा आणि तोटा या शब्दांना त्या पत्रकात जागा नाही.